ठोंब्याची मान

तुमच्या लेकराच्या वर्गात तुम्ही शेवटचे कधी बसला होता? दारातून डबा दिला, ते धरायचं नाही. पालकसभेला सही करून परत फिरलात, तेही नाही. आत, खाली, सतरंजीवर, सगळा तास. आठवून बघा. आठवत नसेल तर तुम्ही माझ्याच पंगतीत आहात, आणि मी तर शाळेतच पगार घेत होते.

शाळा आष्टीच्या पुढं, एका लहान गावात. चार खोल्या, एक निंबाचं झाड, एक हातपंप. मी जालन्याची, मस्तगडात वाढलेली. करारावर तिथं शिकवायला गेले होते. माझ्या शेजारच्या खोलीत चौथीचा वर्ग घेणारे जे सर होते, त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे. त्यांचं नाव लिहिणार नाही. एकदा छापील कागदावर मी त्यांना ओढलं आहे, तेवढं पुरे.

सरांची पहिली आठवण येते ती त्यांच्या मानेची. शाळेत आम्ही चार शिक्षक होतो. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, शनिवारी बैठक घेत. कुणी तावातावानं बोलत असलं तर सर त्याच्याकडं बघायचेच नाहीत. त्यांची मान हळूहळू वळत जायची आणि जो कुणी गप्प बसलेला असेल त्याच्यावर येऊन थांबायची. मग हलायची नाही. मी नवीन होते, खूप बोलायचे, त्यामुळं ती मान माझ्याकडं कधी आली नाही. मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम माझा अपमान करतो.

दुसरी त्यांची खोड म्हणजे कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. "सर, पोषण आहाराचा तक्ता कुठं ठेवलाय?" असं विचारलं की ते म्हणणार, "अजून कोणाला विचारलं?" तक्ता त्यांच्या हातातच असायचा. पोरांनी विचारलं, "सर, सातपाचा किती?" तरी तेच. "अजून कोणाला विचारलं?" पोरं मग एकमेकांना विचारत हिंडायची, सात पाचा पस्तीस की छत्तीस यावर भांडायची, अंगणात खडे मांडून मोजायची. सर लांबून बघत बसायचे. मी ते आठ दिवस पाहिलं आणि मनात शेरा मारून टाकला, की ह्या माणसाला शिकवायचा कंटाळा आहे.

चहा ते एकट्यानं पीत नसत. "एकट्यानं पिलेला चहा पचत न्हाई," म्हणायचे. अर्धा बशीत ओतून समोरच्याला द्यायचे. एकदा मधल्या सुट्टीत कुणीच नव्हतं, तर रस्त्यानं चाललेल्या मीटर रीडिंगवाल्याला हाक मारून आत आणलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं बिलाचं भांडण आहे. "बिल जाऊ द्या हो, बशी धरा," सर म्हणाले. त्या माणसाला उभ्याउभ्या अर्धा कप पाजून सोडून दिलं.

आणि भंगार. गावात काही मोडलं की लोक म्हणायचे, "फेकू नको, सरला दे." मोडके रेडिओ, फुटलेले मोबाईल, कुणाच्या लग्नात आलेला नि वर्षात जळालेला मिक्सर, सगळं सरांच्या कपाटात. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. एका सुट्टीत कुणी शहरातला पाहुणा शाळा बघायला आला आणि म्हणाला, मी तुम्हाला नवीन टॅबलेट देतो, त्यात सगळी उत्तरं आहेत. सर हसले. "हुशार यंत्रं लई झालेत हो. मला एक ठोंब्या पाहिजे."

तो ठोंब्या त्यांनी स्वतःच बनवला.

तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा हे त्याचं धड. डोक्याला लहान डबा, डोळ्यांना मोटारसायकलच्या इंडिकेटरचे दिवे. मान टेबलफॅनची, म्हणजे पंखा इकडून तिकडं वळतो ते दातेरी चाक काढून बसवलेलं. खाली प्रवासाच्या बॅगेची चाकं. पोटात एक जुना मोबाईल आणि वायरींचा गुंता. समोर चार माईक, जुन्या फोनांतून काढलेले, चार पोरांसमोर एकेक. आणि आवाज खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा. सरांनी त्यांच्याकडून दोन-चार वाक्यं बोलून घेऊन भरली होती. "माजं तोंड डब्यात घातलं सरानं," मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

ठोंब्याला काही येत नसे. हीच त्याची करामत होती. सरांनी वर्गाच्या फरशीवर खडूनं गाव काढलेलं असायचं. शाळा, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, बसस्टँड. ठोंब्याला शाळेतून बसस्टँडला न्यायचं. चार पोरांना चार चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीत रस्त्याचा एकेकच तुकडा. चौघांनी आपापला तुकडा सांगायचा, आणि चौघांनी आपापलं बटण एकदम दाबायचं. घराच्या बेलची बटणं असतात ना, तसली. एकानं जरी दाबलं नाही तर ठोंब्या जागचा हलायचा नाही. कुणी एकटाच बोलत सुटला तर त्याची मान त्याच्यावरून निघायची आणि ज्याच्यासमोरचा माईक सगळ्यात कमी वाजला त्याच्याकडं जाऊन थांबायची. मग डब्यातून मावशींचा आवाज, "मला न्हाई समजलं गं माय. समदे मिळून सांगा."

सर ह्याला सावडीचा तास म्हणायचे. एकाच्या बैलांनी भागत नाही तेव्हा दोघं शेतकरी बैल जोडतात, आधी तुझं रान मग माझं, ती सावड. पोरांना ती घरून माहीत होती.

चौथीत कृष्णा नावाचा एक पोरगा होता. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा, आणि बहुतेक वेळा बरोबर देणारा. पहिल्याच दिवशी त्यानं चारही चिठ्ठ्या वाचून घेतल्या आणि ठोंब्यावर ओरडायला लागला. "चल! टाकीकडं! आता गिरणी! चल की रे!" डब्यानं मान फिरवली. "मला न्हाई समजलं गं माय." कृष्णानं त्याच्या डोक्यात एक चापट ठेवून दिली. त्यासरशी स्वयंपाकाच्या खोलीतून मावशी पळी घेऊन धावत आल्या. "मला मारतो का रे? मला?" सगळा वर्ग लोळून हसला. मग कृष्णानं ठरवलं की चारी बटणं आपणच दाबायची. आडवा पडून दोन्ही हात ताणले, एक पाय ताणला, तीन झाली. चौथं शिवकन्याच्या हाताखाली होतं आणि तिनं हात उचलला नाही.

हे मी अर्धं भिंतीपलीकडून ऐकलं, उरलेलं मावशींनी सांगितलं.

शिवकन्या तांड्यावरून यायची. घरची बोली वेगळी. पहिलीत असताना ती काहीतरी बोलली आणि वर्ग हसला, असं म्हणतात. त्यानंतर शाळेत तिनं तोंड उघडलं नव्हतं. लिहायची सगळं, वहीतलं अक्षर मोत्याचं, पण आवाज नाही. हजेरीलासुद्धा हात वर करायची. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला ही लेकरं आष्टीच्या मोठ्या शाळेत जाणार, एकेका वर्गात पन्नास-साठ पोरं. सरांचं एकच म्हणणं होतं, ते मोठ्या मॅडमना सांगताना मी ऐकलं आहे. "तिकडं जायच्या आत हिचा आवाज निघाला पाहिजे. न्हाई निघाला तर तिथं कोणी थांबणार न्हाई तिच्यासाठी. निकालापर्यंत टाइम आहे माझ्यापाशी."

म्हणजे तो सगळा खटाटोप, तो पत्र्याचा डबा, ती पंख्याची मान, सगळं सोळा पोरांच्या वर्गात एका पोरीसाठी चाललं होतं. उरलेल्या पंधरांना थांबायला शिकवणं हा त्यातलाच भाग. मला हे आज लिहिता येतं. तेव्हा मला ते ऐकू आलं होतं आणि समजलं नव्हतं.

मी वाढले पत्रकांत. वडील चळवळीतले. आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं आली नाहीत, पत्रकांचे गठ्ठे आले. मोर्चा, उपोषण, जाहीर सभा, निषेध. मागची बाजू कोरी असायची, त्यावर मी मुळाक्षरं गिरवली. त्यामुळं "जाब विचारा" हे शब्द मला लहानपणापासून गोड लागतात, आणि अजूनही लागतात. त्याची लाज मला वाटत नाही. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, आमच्यासारख्यांना अकरा महिने राबवून घरी पाठवायचं, आणि त्या जागी बोलणारी यंत्रं आणून ठेवायची, अशी कुणकुण त्या वर्षी आमच्यात होती. जालन्यात आम्ही करारावरची मंडळी जमलो. पत्रक काढायचं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण मला लिहिता येतं असा माझा लौकिक होता.

पत्रकाला एक उदाहरण लागतं. जवळचं, डोळ्यांनी पाहिलेलं. माझ्या भिंतीपलीकडं एक डबा वर्ग चालवत होता.

त्याआधी सरांनी मला दोनदा बोलावलं होतं. "मॅडम, उद्या सावडीच्या तासाला बसा की आमच्याकडं. एक तास." पहिल्यांदा मी म्हणाले, पेपर तपासायचे आहेत. दुसऱ्यांदा म्हणाले, जालन्याला जायचंय. दोन्ही खरं होतं. वेळ मात्र दोन्ही दिवशी होता.

उदाहरण हवं म्हणून मी एका दुपारी माझा वर्ग शुद्धलेखनाला बसवून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. सर आत नव्हते. ते निंबाखाली, मावशींशेजारी, वर्गाकडं पाठ करून, ताटात तांदूळ घेऊन खडे निवडत होते. आत चार लेकरं डब्याभोवती बसली होती. बाकीची भिंतीला टेकून. एकही बोलत नव्हतं. डब्याची मान शिवकन्याकडं वळून थांबलेली. कृष्णा खालचा ओठ दातांत धरून बसला होता. कुणी पुस्तक उघडत नव्हतं, कुणी फळ्याकडं बघत नव्हतं. मी दोन-तीन मिनिटं थांबले असेन. मला ती फार वाटली. मग वळले, मोबाईल काढला, आणि तांदूळ निवडणाऱ्या सरांचा पाठमोरा फोटो घेतला.

मथळा मला चालता चालता सुचला. "सर निवडतात तांदूळ, वर्ग चालवतो डबा!" त्याखाली फोटो. पहिला परिच्छेद असा, की चौथीची लेकरं यंत्रासमोर मुकी बसवली जात आहेत. दुसऱ्यात शिस्तीचा अभाव, आरडाओरडा, मोकाट वर्ग. शेवटी, पालकहो, जाब विचारा. नाव कुणाचंच घातलं नाही, सरांचंही नाही, माझंही नाही. माझं का नाही, तर करार होता. खाली छापलं, "जागरूक नागरिक". जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांमागं वडिलांच्या ओळखीचा एक छापखाना आहे, तिथं छापून घेतलं. आष्टीच्या बाजारात वाटलं. संध्याकाळपर्यंत ते प्रत्येकाच्या मोबाईलवर गेलं होतं.

वडिलांनी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, पाठ थोपटतील. त्यांनी कागद उलटा करून बघितला, परत सुलटा केला.

"खाली नाव कुठंय?"

"करार आहे ना बाबा."

"ज्या कागदाखाली नाव न्हाई ते पत्रक न्हाई, पोरी. ती चुगली." एवढं बोलून ते अंघोळीला गेले. आमच्या घरात यापेक्षा मोठी शिवी मी ऐकलेली नाही.

चार दिवसांनी शाळेत सभा भरली. वरून एक साहेब आले होते. पालक चिडलेले. "आमची लेकरं डब्यापाशी शिकायला ठिवलीत का?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "तांदूळच निवडायचे तर पगार कशाचा?" सर उभे राहिले. त्यांच्या हातात पत्रकांचा एक गठ्ठा होता, बाजारातून गोळा केलेला. मला वाटलं आता फाडतील.

"कागद चांगला आहे," ते म्हणाले. "मागून कोरा आहे. फेकू नका कोणी. लेकरांला गणितं सोडवायला होतील." काही लोक हसले. मग म्हणाले, "लिहिणाऱ्यानं बघितलं ते बराबर बघितलं. मी तांदूळ निवडत व्हतो. लेकरं गप व्हती. माझं एकच विचारणं आहे. लिहिण्याआधी अजून कोणाला विचारलं?"

 आणि त्यांची मान वळायला लागली. साहेबांवरून, मोठ्या मॅडमवरून, पालकांवरून. त्या दिवशी त्या सभेत एक शब्दही न बोललेली मी एकटीच होते. मान माझ्यावर येऊन थांबली. रागानं नाही. ते शिवकन्यासमोर जसे थांबायचे तसेच थांबले होते, वाट बघत.  मी तोंड उघडलं असतं तर त्याच क्षणी सगळं मिटलं असतं. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि निकाल दिला. चौकशी होईपर्यंत सरांनी तालुक्याच्या कार्यालयात कागदांचं काम बघावं. यंत्र कुलपात ठेवावं.

ठोंब्याला सामानाच्या खोलीत नेताना त्याचं बटण बंद करायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी कुठलं बटण, हे सर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सरांना कुणी विचारलं नाही. दार लागलं, कुलूप लागलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला. "मला न्हाई समजलं गं माय. समदे मिळून सांगा."

बराच वेळ कुणीच बोललं नाही तरी तो ते म्हणायचा. सामानाच्या खोलीत कोण बोलणार? म्हणून तो दर काही मिनिटांनी म्हणत राहिला. सामानाची खोली माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून. मी पोरांना भागाकार शिकवत होते आणि मागून मावशींचा आवाज येत होता. मावशी चुलीपुढं बसून स्वतःचाच आवाज ऐकत होत्या. "बंद करा माय कोणीतरी," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मलाच कोंडल्यासारखं वाटून राह्यलं." तिसऱ्या दिवशी बॅटरी संपली.

चौकशी झालीच नाही. सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, ते त्या कार्यालयातूनच निवृत्त झाले. माझा करार संपला. परत मिळाला नाही, म्हणजे जे वाचवायला सही टाळली तेही वाचलं नाही.

दोनेक वर्षांनी जुन्या जालन्यात भंगाराच्या दुकानांपुढं ते दिसले. हातात टेबलफॅनचं मुंडकं. मी पळून जाऊ शकले असते, ते पाठमोरेच होते. पण पाठमोरं बघून निघून जाणं मी एकदा केलं होतं. मी हाक मारली.

"अरे, मॅडम!" त्यांनी मुंडकं काखेत धरलं. "चला, चहा घेऊ. बशी तुमची."

टपरीवर मी त्यांना सांगितलं. ते पत्रक मी लिहिलं होतं. त्यांनी बशीत चहा ओतला, बशी माझ्यापुढं सरकवली.

"ते त्याच दिवशी कळाल्तं," ते म्हणाले. "चूक तुमची एकटीची कशी मॅडम? मी पण दोनदाच बोलावलं. तिसऱ्यांदा हाताला धरून न्यायला पाहिजे व्हतं."

"सर, तुम्ही बाहेर पाठ करून का बसायचा?"

मला वाटलं, आता विचारतील, अजून कोणाला विचारलं. पण त्यांनी उत्तर दिलं. मला आठवतं तेवढं हे एकच. "मी आत असलो की लेकरं माझ्या तोंडाकडं बघतात. चूक का बराबर, हे माझ्या भुवईवर वाचून घेतात. एकमेकाकडं बघतच न्हाईत. अन् तोंड करून बसलो तर माझ्यानं राहवत न्हाई, मी मधे बोलतो. म्हणून पाठ. कान आतच असायचे." मग म्हणाले, "तांदूळ मातर चांगले निवडायचो हां. मावशीला विचारा."

निघताना त्यांनी विचारलं, "शिवकन्या बोलती का?"

मला माहीत नव्हतं. मी त्या गावाला परत गेलेच नव्हते. मान माझ्याकडं वळलेली होती.

पुढच्या आठवड्यात गेले. कृष्णा आता आष्टीला सहावीत जातो, उंच झाला आहे. बसस्टँडवर भेटला. मी त्याला सरळ विचारलं, त्या दिवशी मी दारात होते तेव्हा तुम्ही सगळे गप्प का होता?

तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला जशी मी ठोंब्या आहे. "मंग? शिवकन्याची पाळी व्हती ना. चिठ्ठी तिच्यापाशी. आमी थांबून राह्यल्तो. सर म्हणायचे, जो थांबतो तो बी बोलतोच. मला लई जिवावर आल्तं, उत्तर मला माहीत व्हतं."

"मग?"

"मंग तुमी गेल्या. अन् ती बोलली."

"काय बोलली?"

"'टाकीपासून उजवीकडं.' बारीक आवाजात. डब्याकडं बघून. कोणीच हसलं न्हाई. आमी चौघांनी बटण दाबलं, ठोंब्या सरळ बसस्टँडला गेला. मंग आमी समदे वरडलो. सर पळत आले, ताट सांडलं त्यांचं, समदे तांदूळ मातीत. मावशीनं लई शिव्या घातल्या." तो हसला, मग थांबला. "मॅडम, तुमी तर शेजारीच व्हत्या. तुमाला आमचा आवाज न्हाई आला?"

आला होता. दुसऱ्या परिच्छेदात मी तो घातला होता. शिस्तीचा अभाव.

शिवकन्या पाचवीला आष्टीला गेली. वर्गात हजेरीला हात वर करायची. तिथल्या बाईंना हात दिसायचा नाही, गैरहजेरी लागायची. दिवाळीनंतर ती गेलीच नाही. हे मला तिच्या आईनं सांगितलं, तांड्यावर, घराच्या ओट्यावर बसून. सरांना त्या चौथीत अजून दोन महिने मिळाले असते. एकदा बोललेली पोर दहा वेळा बोलली असती, हात वर करायच्या ऐवजी "हजर" म्हणायला शिकली असती. कदाचित नसतीही. आता ते कुणालाच कळायचं नाही, आणि ते कळू दिलं नाही ते मी.

ती कापूस वेचून आली. मी तिच्याशेजारी बसले. मला जे म्हणायचं होतं ते म्हटलं. ती गप्प. माझी बस होती, मी ती जाऊ दिली. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. तिच्या आईनं दोनदा मधे बोलायचा प्रयत्न केला, मी हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्याची मान वळती का अजून?"

मी म्हणाले, "माहीत नाही. कुलपात आहे."

ती उठून आत गेली.

यंत्रं आणून शिक्षकांच्या जागा खाणाऱ्यांच्या मी आजही विरोधात आहे, उद्याही पत्रक काढीन. सरही विरोधातच होते, त्यांनी तर त्यासाठी एक ठार मठ्ठ यंत्र बनवून दाखवलं होतं. एकाच बाजूचे आम्ही दोघं. पत्रक बरोबर होतं, फक्त उदाहरण चुकलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. त्या उदाहरणाला तांड्यावर घर आहे, आणि पाचवीच्या दिवाळीपासून त्याचं दप्तर खुंटीला आहे. हे लिखाण माझ्या नावानं छापा, अशी अट मी घातली आहे.

ठोंब्या अजून त्या खोलीत आहे. तो बाहेर काढावा म्हणून मी अर्ज दिला आहे, मावशींचा अंगठा आणि कृष्णाची सही घेऊन. ते आम्ही बघू.

तुम्हाला वेगळं काम सांगते. ह्या आठवड्यात तुमच्या गावातल्या, गल्लीतल्या शाळेत जा. मास्तरांना विचारून वर्गात खाली बसा, एक पूर्ण तास. दारातून निकाल देऊ नका, फोटो काढू नका. सगळ्यात कमी बोललेलं लेकरू कोणतं ते शोधा, आणि त्याच्याकडं तोंड करून थांबा. काही विचारू नका, नुसतं थांबा.

मी दोन-तीन मिनिटं थांबले होते. तुम्ही जास्त थांबा.